हॉर्नचं कोरं बटण

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला मोठ्याने हाक मारलेली नाही. वाचनालयाच्या देवघेव विभागात नोकरी, पाठीमागे भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी, पायांत रबरी तळव्यांच्या चपला. पुस्तकांच्या ढकलगाडीचं चाक जरा कुरकुरलं की हे घरून शिलाई मशीनचं तेल घेऊन जायचे. माणूस चांगला, पण ती पाटी ह्यांनी घरीही आणली. रांगेत कुणी मध्ये घुसलं की हे एक पाऊल मागे सरकतात. दुधात पाणी असतं ते ह्यांनाही कळतं, बोलायचं मात्र मी. बँकेत मी, वीज कार्यालयात मी, वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढणाऱ्यांकडेही मीच. गावभर कजाग म्हणून माझं नाव झालं आणि हे देवमाणूस!

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर काय घ्यावं? रेड्याएवढी मोटरसायकल. लांबच्या प्रवासाची, पुढे मोठी काच, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे मला टेकायला उशी. “बाबांना वेड लागलंय,” लेक म्हणाली. मला मात्र, खरं सांगते, गाडी आवडली. मागे बसून डोंगर आणि धरणं बघताना मला कुणाशी भांडावं लागत नसे.

मग तो ट्रक आला. शेजारून चालला होता, आणि चालता चालता आमच्या अंगावर सरकायला लागला. मी ह्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. हे आपले कडेकडेला सरकत गेले, सरकत गेले, आणि रस्ता संपला तसे आम्ही खडीत आडवे. ह्यांना खरचटलं. माझा गुडघा मोडला. ट्रकवाला उतरून वर मलाच म्हणतो, “हॉर्न तरी द्यायचा होता, मावशी!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय प्लास्टरमध्ये असताना मी घर डोक्यावर घेतलं. एवढी महागडी गाडी आणि हॉर्न पिपाणीचा, मागे बसलेल्या मलाही ऐकू आला नाही! कंपनीला फोन करून बोल बोल बोलले. भेटायला येईल त्याला तीच कथा. हे चहा करायचे, माझा पाय उशीवर ठेवायचे आणि गप्प. शेवटी मी निक्षून सांगितलं, “मोठा हॉर्न बसवा, नाहीतर गाडी विका. तोवर मी मागे बसायची नाही.” ह्यांचा चेहरा एवढासा झाला. माझ्याशिवाय त्या गाडीवर जायची ह्यांना इच्छाच नव्हती.

गाड्यांचं वायरिंग करणारी एक बाई आहे, तिला सगळे करंटताई म्हणतात. काठी टेकत मीही तिच्या शेडमध्ये गेले. तिने आधी जुना हॉर्न वाजवून पाहिला. शेडमधलं मांजर उठून पळालं.

“काकू, हा तर चांगला खणखणीत वाजतोय की!”

मी जवळ जाऊन पाहिलं. हँडलवरची बाकीची बटणं वापरून गुळगुळीत झालेली, इंडिकेटरवरचे बाण पार पुसलेले. हॉर्नच्या बटणावरचं भोंग्याचं चित्र मात्र शोरूममधून आणल्यासारखं कोरं.

“अहो, त्या दिवशी हॉर्न दाबला होता का तुम्ही?”

हे चपलांकडे बघत म्हणाले, “मला वाटलं, बघेल तो.”

“आणि मी इतके दिवस कंपनीच्या नावाने बोटं मोडत होते, तेव्हा?”

“तू चिडली होतीस.”

चिडले होते म्हणे! करंटताईने घाईघाईने मध्ये तोंड घातलं. “मी जोडहॉर्न बसवते काकू, ट्रकच्या केबिनमध्ये ऐकू जाईल. बॅटरीवरून वेगळी वायर घेते, म्हणजे फ्यूज उडायचा नाही. आणि एक बटण मागे तुमच्या सीटजवळ देते. तुम्हीच वाजवा.”

सोय चांगली होती. ह्यांचा चेहरा लगेच उजळला, आणि तो उजळलेला पाहूनच माझं डोकं फिरलं.

“हॉर्न बसव, पण मागे बटण नको,” मी म्हणाले. “दूधवाल्याशी मी, बँकेत मी. आता रस्त्यावरही मीच? बायकोचा जीव वाचवायला आवाज करायचा की नाही, ते ह्यांचं ह्यांना ठरवू दे.”

करंटताई वायर सोलायला लागली. काम झाल्यावर नवा हॉर्न वाजवून बघायला ह्यांनी बटणाला नुसतं बोट लावलं. तेवढ्यानेही शेडचा पत्रा थरथरला. हे दचकले आणि सवयीने इकडेतिकडे बघून म्हणाले, “माफ करा हं.”

गुडघा बरा झाल्यावर मी बसले. का बसले, विचारू नका. मोठ्या रस्त्याला लागलो आणि एक टँकर शेजारी आला. तसाच, हळूहळू अंगावर यायला लागला. बुक्की मारायला माझा हात उठला, तो मी मांडीखाली दाबून धरला. हे कडेला सरकले. पुन्हा सरकले. खडी दिसायला लागली. मला रडू फुटलं, आणि ते भीतीपेक्षा संतापाचं जास्त होतं. एवढ्या वर्षांचा संसार केला, आणि माझ्यासाठी ह्या माणसाचा एक आवाज निघू नये!

तेवढ्यात हॉर्न वाजला. वाजला तो थांबेचना. टँकर झटक्यात पलीकडे गेला, मागच्या गाड्या हळू झाल्या, तरी हे बटण सोडेनात.

टँकरवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. “ओ काका, बहिरा समजलात का मला?”

ह्यांनी बटण सोडलं आणि माफी मागायला डावा हात वर केला. तो हात मी मागून धरला, खाली ओढला आणि पुन्हा त्या बटणावर नेऊन ठेवला.