हळू ढकला, आजी

शिरूरच्या आमच्या फिजिओथेरपिस्टला जोर खपत नाही. माझी मान आखडली, तेव्हा चर्चमध्ये पुढच्या बाकावरून उशिरा कोण येतंय तेच दिसेना. मग जगायचं कशाला?

तो माझ्या गालाला तळहात लावतो. "हातावर ढकला, आजी. हळू! कुस्ती न्हाई ही." थोडं थांबून, "आता सैल सोडा." मान बोटभर जास्त वळते. तरुणपणी हीच ताठ मान मी रुबाब म्हणून मिरवली, खुळी!

दवाखान्याचं दार अडकलं, तरी तो धक्का मारत नाही. आधी हळूच स्वतःकडं ओढतो, थांबतो, दाराला म्हणतो, "आता सैल सोडा." आणि दार उघडतं!

परवाच्या रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश चालू असताना मी मान गर्रकन मागं वळवली. उशिरा आलेला तोच निघाला. दारातूनच त्यानं तळहातानं मला खुणावलं, "हळू!"