तिसरा गिअर

समजा, चाळीस वर्षं बंद पडलेला गिअरबॉक्स तुम्हांला उघडायचा आहे. स्क्रू गंजलेत, तेलाचा डांबरासारखा थर झालाय. हातोडी घातली तर पुरावाच हलेल. म्हणून एकेका स्क्रूवर रॉकेल सोडायचं आणि वाट बघायची.

बागबाजारच्या घरात सलील आठ दिवस हेच करत होता. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. मोटारसायकल इटालियन, १७५ सीसीची, १९५७ची. खिदिरपूरला जप्त मालाच्या लिलावात त्याच्या वडिलांनी, भालचंद्ररावांनी ती घेतली. लाल टाकी, वाकून बसायचं बुटकं हँडल. गल्ली बघायला जमायची. १९८४ला सलीलचा थोरला भाऊ उन्मेष तिच्यावरून एका वळणावर लॉरीखाली गेला. "बेफाम होता कार्टा," एवढंच वडील म्हणत राहिले. गाडीला कुणाला हात लावू दिला नाही. गेल्या महिन्यात तेही गेले.

उन्मेष रोज घरातली दुसरी मोटारसायकल, राजदूत, चालवायचा. तिचा ब्रेक उजव्या पायाशी. या इटालियन गाडीत उजव्या पायाशी गिअर, ब्रेक डावीकडे. त्या सकाळी राजदूत सलील घेऊन गेला होता, न विचारता.

"भावजी, चहा घ्या. नाहीतर त्यालाही रॉकेलचा वास लागेल," कालिंदीवहिनी म्हणाल्या. उन्मेषच्या पत्नी.

झाकण निघालं. अपघातात गिअरचा दांडा वाकून अडकला होता. त्यानंतर गिअर बदलणं शक्यच नव्हतं. सलीलने टॉर्च जवळ धरला.

"तिसरा," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"त्या वळणावर दुसऱ्याच्या वर कुणी जात नाही. दादाने घाबरून उजवा पाय दाबला असेल, ब्रेक समजून. एकदा दाबला की दुसऱ्याचा तिसरा होतो." त्याने टॉर्च खाली ठेवला. "वहिनी, राजदूत मी नेली होती."

"ठाऊक आहे. मी ओरडणार होते तुम्हांला. हे म्हणाले, नेऊ दे गं, परीक्षा आहे त्याची."

सलील खाली बसला. चाळीस वर्षं हे वाक्य या घरात होतं आणि त्याच्यापर्यंत आलं नव्हतं.

"पण आधीपासूनच तिसऱ्यात असतील तर?" वहिनींनी विचारलं. "मामंजी म्हणायचे तसे?"

"तरी तिसराच दिसणार."

वहिनी कप उचलून आत गेल्या. त्याने वाकलेल्या दांड्यावर अंगठा ठेवला. दादाच्या पायाला इथे ब्रेक हवा होता, की वेग?