अप्पांना बसवायचं होतं

माझे वडील, अप्पा, सकाळचा चहा अर्धा ठेवून घरातच वारले. अशा वेळी आधी डॉक्टर आणायचा, त्याच्या दाखल्याशिवाय पुढचं काही होत नाही, एवढं मला ठाऊक होतं. गल्लीतला एकुलता एक फोन बंद पडला होता, म्हणून स्कूटर काढली. डॉक्टरांची आंघोळ, मग पूजा, मग नाष्टा. मेलेल्या माणसाला कसली घाई, असं त्यांच्या बायकोच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

घाई होती. आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला निजवत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि तसंच मातीत ठेवतात. अंग ताठायच्या आत हे करावं लागतं.

डॉक्टरांना घेऊन परतलो तर अख्खी गल्ली कामाला लागली होती. गल्लीत लिंगायतांचं घर आमचं एकच, आणि त्यातलं अजून कुणी मेलं नव्हतं. शेजारच्या काकांनी आपल्या पद्धतीनं सगळं उरकत आणलं होतं. अप्पा चटईवर उताणे, पायांचे अंगठे सुतळीनं बांधलेले, तोंडात तुळशीपत्र. बाहेर तिरडीचे बांबूसुद्धा आले होते. नळाच्या तक्रारीवर सही मागितली तर महिनाभर तोंड न दाखवणारी हीच माणसं.

डॉक्टरांनी नाडी बघून अप्पा गेल्याचं जाहीर केलं.

"काका, आमच्यात बसवत्यात," मी म्हणालो.

"व्हय? मग आदी सांगायचं की!"

आई मघापासून तेच सांगत होती. पण बायकांनी तिला कोपऱ्यात गच्च धरून ठेवलं होतं. ती उठू बघेल तितक्या जोरात तिचं सांत्वन चाललं होतं. मला त्या सगळ्या मायाळू माणसांचा भयंकर राग आला.

काकांनी सुतळी सोडली. पण गुडघे वाकेनात. "ऱ्हाऊ द्या की तसंच, देवाला सगळं चालतंय," कुणीतरी म्हणालं.

तेव्हा आई बायकांचे हात झिडकारून आली. त्या गुडघ्यांना रोज तेल लावणारी तीच. ती चोळत राहिली. "आता तरी ऐका की वो माझं," म्हणाली. हळूहळू मांडी बसली.

भिंतीला टेकवलं, तरी मान कलायला लागली. काका म्हणाले, "खिडकीच्या गजाला बांधूया."

"नको," आई म्हणाली, आणि शेजारी बसून तिनं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

लग्नाच्या फोटोतसुद्धा अप्पा खुर्चीवर आहेत आणि ती मागं उभी. चार माणसांत ती त्यांच्या शेजारी कधी बसलीच नव्हती. निरोप पोचून निपाणीचे पाहुणे येईपर्यंत ती तिथून हलली नाही.