मांजरपाटाचं दाभाड

ये गं, अशी जवळ सरकून बस. कागदावरच बसायचं आहे, तरी जवळ बस. काय म्हणावं तुला? गोकुलममध्ये खोली घेऊन राहतेस, तिथून आमचं घर एका बसचं. वर्षात आलीस किती वेळा? दोनदा. त्यातली एक फराळाचा डबा न्यायला. योग शिकायला माणसं समुद्र ओलांडून गोकुलमला येतात, आणि तुला गोकुलमहून इथवर येववत नाही. शोभतं का हे?

बरं, होगली, जाऊ दे. रागावायला बसलेले नाही. परवा फोनवर तू म्हणालीस, "अज्जी, मी हे दातांचं कॉलेज सोडते. हाडांच्या परीक्षेत नापास झाले. आजोबाही त्यातच नापास झाले होते ना? आपल्या घराण्याच्या डोक्यात ते बसतच नाही."

मी त्यावर गप्प बसले. बोलायला हवं होतं. गप्प बसायची माझी ही खोड जुनी आहे, आणि तिच्यापायी तुझ्या आजोबांचं काय झालं ते आज लिहून ठेवते. बोलायला गेले तर मत्ते, पुन्हा जीभ अडेल.

तुझे आजोबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी त्याची अक्का. आमचे अप्पा शिंपी, दुकान पुढं आणि घर मागं. मला चौथीनंतर शाळेतून काढलं आणि काजं करायला बसवलं. पुढचं वाचायला मी माझी मीच शिकले, कापडाच्या गठ्ठ्यांना गुंडाळून येणाऱ्या जुन्या पेपरांवरून. भाऊ मात्र हुशार निघाला. आमच्या अख्ख्या गल्लीत डॉक्टरकीला गेलेला तो पहिला. तेव्हा आपलं कन्नड राज्य नुकतंच मोठं झालं होतं, बेळगाव त्यात आलं होतं, तिकडची मुलं इकडं शिकायला यायला लागली होती. त्यातला एक त्याचा दोस्त झाला, एक वर्ष पुढचा. त्या दोस्तानं त्याला तीन दिवसांसाठी एक हाड दिलं. वरच्या जबड्याचं, डाव्या बाजूचं.

भाऊ ते रुमालात बांधून घेऊन आला. आई तुळशीपाशी होती.

"काय आहे रे त्यात?"

"हाड आहे आई. अभ्यासाचं."

"कशाचं?"

"माणसाचं. वरचा जबडा."

"अय्यो! विठोबाच्या घरात मेल्याचं दाभाड? पाय टाकशील आत तर तुझंच दाभाड फोडीन, मग कर त्याचा अभ्यास!"

अप्पांनी दुकानातही ठेवू दिलं नाही. तिथं लग्नाचे कपडे शिवायला यायचे, कुणाच्या कानावर गेलं असतं तर गिऱ्हाईक तुटलं असतं. शेवटी परसातल्या शेवग्याला पिशवी टांगली आणि पिशवीत हाड. भाऊ झाडाखाली बसून पाठ करायचा. उठला की विहिरीवर अंघोळ, मगच घरात. तीन दिवसांत त्याला सर्दी झाली.

पुस्तक धरायला मी समोर बसायचे. इंग्रजी अक्षरं मी तिथंच लावायला शिकले. मॅक्सिला म्हणजे वरच्या जबड्याचं हाड. आई ज्याला सरसकट दाभाड म्हणायची, त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला, खड्ड्याला, भोकाला वेगळं नाव असतं हे पाहून मी चक्रावले. मधलं ते अंग. त्याला चार फाटे, त्यांना म्हणायचं प्रोसेस. कपाळाकडं चढणारा फ्रंटल, गालाकडं जाणारा झायगोमॅटिक, दात बसतात तो अल्व्हिओलर, टाळूचा आडवा तो पॅलाटाइन. मी म्हटलं, "म्हणजे चार बाह्यांचा सदराच की रे!" तो इतका हसला. "अक्का, आमच्या सरांना हे सुचलं नाही बघ."

चौथ्या दिवशी हाड परत द्यायचं होतं. त्याचं तोंड उतरलं. कॉलेजात एका हाडाभोवती दहा मुलं, मागच्याला दिसतं काय तर पुढच्याची मान. मी म्हटलं, "थांब. मी शिवून देते."

मग झाडाखाली बसून मी त्या हाडाची मापं घेतली. हात लावताना भीती वाटली, नाही असं नाही. मनात म्हटलं, कुणाचं असशील बाबा, माफ कर. कागदावर खाका काढला, मांजरपाटाचं कोरं कापड बेतलं, आत कात्रणं भरली. डोळ्याखाली जे भोक असतं ते मी काज करून घातलं, बाहेरच्या अंगाला. हाड आतून पोकळ असतं, त्या पोकळीला सायनस म्हणतात, तिचं तोंड नाकाकडं उघडतं. म्हणून आतल्या अंगाला खिसा लावला. दातांच्या आठ खोबणी चुण्या घालून काढल्या. वरून लाल दोऱ्यानं नावं भरली, आणि खाली एक शब्द, 'डावं'.

आईनं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "हे चालेल. हे मेलेलं नाही." देवघराच्या शेजारच्या फडताळात त्याला जागा मिळाली! शेजारणी बघायला आल्या. बेळगावचा दोस्त आला, त्याच्या स्वच्छ मराठीत म्हणाला, "ताई, तुम्ही कॉलेजात यायला हवं होतं." आयुष्यात मला कुणी 'तुम्ही' म्हटलं ते पहिल्यांदा. मी चुलीशी जाऊन उगीच लाकडं सारत बसले.

दीड-दोन महिने भाऊ त्यावर शिकला. डोळे मिटून बोटांनी चाचपायचा. "नाकाकडची कड ही, काज बाहेर, खिसा आत... डावं." असं मनात पक्कं बसवलं त्यानं.

आता ऐक. परीक्षेला चार दिवस होते. एका खोबणीची शिवण उसवली म्हणून मी ते नीट करायला घेतलं. आरसा समोर होता. सुम्ने, गंमत म्हणून, मी ते माझ्या डाव्या गालावर धरलं. नाकाकडची कड नाकाला लावली, दात खाली. तर काज आत आणि खिसा बाहेर! पुन्हा धरलं. तसंच. मग उजव्या गालावर धरलं, तर अगदी बेतल्यासारखं बसलं.

काय झालं होतं ते शिंप्याच्या मुलीला सांगावं लागत नाही. भरायची वस्तू शिवताना खुणांची बाजू आत ठेवून शिवायची, मग उलटवली की ती वर येते. मी खुणांची बाजू बाहेर ठेवून शिवलं. उलटवल्यावर डाव्याचं उजवं झालं. छापाचं कापड असतं तर तिथंच कळलं असतं. मांजरपाट दोन्हीकडून सारखं. आणि त्या उजव्या हाडावर मी माझ्या हातानं 'डावं' असं भरलं होतं.

तो बाहेर ओसरीवर बसला होता. चार पावलं जायचं होतं. गेले नाही. कारण सांगू? त्या हाडामुळं घरातले मला पहिल्यांदा कुणीतरी समजत होते. चौथीत काढलेली पोरगी, तिला काय कळतं, असं म्हणणारी आई येणाऱ्याजाणाऱ्याला फडताळ उघडून दाखवत होती. मी मनाशी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, त्याच्या हातात खरं हाड येईल तेव्हा त्याला आपोआप कळेल, आता कशाला घोटाळा. मी शिवण घातली आणि ते परत फडताळात ठेवलं. अष्टे. एवढंच केलं मी.

तोंडी परीक्षेत पहिलंच हाड त्याच्या हातात दिलं ते वरच्या जबड्याचं. डावं. त्यानं बोटं फिरवली आणि ठामपणे सांगितलं, "उजवं." परीक्षक म्हणाले, "पुन्हा बघा." त्यानं पुन्हा बघितलं, पुन्हा उजवं. समोरचे हसले म्हणे. त्यानंतर त्याला स्वतःच्या हातावरचा विश्वासच राहिला नाही, येत होतं तेही चुकत गेलं. घरी येऊन त्यानं कापडी हाड घेतलं, बराच वेळ बघत बसला. मला वाटलं, आता कळलं याला. तर तो म्हणाला, "अक्का, तू इतकं चांगलं करून दिलंस आणि मी घोटाळा केला. माझं डोकंच उलटं आहे."

तेव्हा तरी? तेव्हाही नाही बोलले.

सहा महिन्यांनी परत बसता आलं असतं. तो बसला नाही. अप्पांच्या मशीनवर बसला, पुढं सरगूरला स्वतःचं दुकान काढलं. तू ते पाहिलंस. पण एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नसेल. कापड कापलं की प्रत्येक तुकड्यावर तो खडूनं कन्नडमध्ये लिहायचा, एड, बल. डावं, उजवं. बाही असो, खिसा असो. कुठला शिंपी असं लिहितो? एकदा मी विचारलंही.

"अरे, इतकी वर्षं झाली, अजून लिहितोस?"

"लिहावं लागतं गं अक्का. माझं डावं-उजवं कच्चं, अख्ख्या कॉलेजला माहीत आहे!" असं म्हणून हसला, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकालाही हसवलं. मीही हसले. पोरी, त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

गेल्या वर्षी तो गेला तेव्हा मी उशाशी होते. ओठ आत बसले होते, गालाची हाडं वर आली होती. बाकीच्या बायका नाम घेत होत्या. माझ्या तोंडात मात्र झायगोमॅटिक, फ्रंटल, अल्व्हिओलर, पॅलाटाइन. एक शब्द चुकला नाही. जो एक खरा शब्द त्याला सांगायचा होता, तो ऐकायला आता भाऊ नव्हता.

म्हणून तुला सांगते. तुझ्या आजोबांचं डोकं उलटं नव्हतं. कापड उलटं होतं, आणि ते माझ्या हातून झालं. आपल्या घराण्यात काही कमी आहे असं त्यानं जन्मभर मानलं, तुझ्या बापाला सांगितलं, बापानं तुला. तू ते पुढं नेऊ नकोस. नापास झालीस तर अभ्यास कमी पडला असेल, नाहीतर कुणीतरी चुकीचं शिकवलं असेल. रक्तात काही नाही.

ते मांजरपाटाचं दाभाड माझ्या ट्रंकेत आहे. पिवळं पडलंय, लाल दोरा विटलाय, 'डावं' अजून वाचता येतं. ते उसवायचं, उलटवायचं आणि नीट शिवायचं, एवढं माझ्या मनात आहे. शिवण मी घालीन, हात अजून चालतो. पण सुईत दोरा ओवायला दिसत नाही मला, आणि कुठली कड कुठं हे तुझ्या पुस्तकात बघून कुणीतरी सांगायला हवं. कॉलेज सोडायचा कागद देण्याआधी ये. या रविवारीच ये गं, पुस्तक घेऊन ये. उजेड असेपर्यंत बसू.