हाताशी ठेवलेली सुरी

माझे अप्पा पाथरीत टांग्याच्या गाद्या शिवायचे, खुर्च्या मढवायचे. बसल्या जागेवरून हात पुरेल अशा भिंतीतल्या चार खुंट्यांवर हातोडी, कात्री, दाभण आणि सुरी असायची. न बघता हात बरोबर पडायचा. कुणी हत्यार हलवलं की अप्पा त्याला शिव्यांनी सोलून काढायचे, मग तो निजामाचा जमादार का असेना.

सत्तेचाळीस साली त्यांनी एका खुर्चीच्या गादीत, काथ्याखाली, निजामानं बंदी घातलेला तिरंगा दडवून शिवला. दुसऱ्याच दिवशी जमादार झडतीला आला. त्यानं सगळं उलटंपालटं केलं, काहीच सापडलं न्हाई. जाता जाता कात्री उचलली आणि दाभणाच्या खुंटीला अडकवली.

अप्पा खाली मान घालून काथ्या पिंजत राहिले. मी कोपऱ्यातून मनातल्या मनात म्हटलं, द्या की हो शिवी, अप्पा! एरवी तोंड आवरत न्हाई तुमचं!

जमादार उंबऱ्यात थांबला.

"अप्पा, मागच्या महिन्यात याच कात्रीपायी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला तुमी. आज गप का?"

अप्पांची नजर एकदाच त्या खुर्चीकडं गेली.

जमादारानंही तिकडंच बघितलं. खुर्चीवरची नजर न काढता तो परत आत आला आणि भिंतीकडं हात नेला.

सुरी जिथल्या तिथं होती.