चूलबंदच्या दिवशीचा धूर

शकुबाईच्या नातीचं, निकिताचं लग्न होतं त्या दिवशी सकाळी पवित्राने अंगणातली चूल पेटवली आणि अख्ख्या आळीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

ज्यांना आमच्या राळेगावकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नाचं आवतन इथे दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्या लेकरापर्यंत सगळ्यांनी मांडवात जेवायचं. चूलबंद आवतन घेऊन घरातून धूर काढणं म्हणजे लग्नघरच्यांच्या तोंडावर थुंकणंच. बरं, पवित्राकडे गॅस आहे. चोरून शिजवायचं असतं तर दार लोटून शिजवता आलं असतं. तिने चुलीत कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या घातल्या, मुद्दाम, धूर पार मांडवापर्यंत जावा म्हणून. गाव तिच्या नावाने बोटं मोडतं ते या धुरासाठी. त्याआधी काय झालं ते मात्र कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

पवित्रा नेपाळची, दैलेखच्या डोंगरातली. पुण्यात ती चार घरी स्वयंपाक करायची आणि आमच्या आळीतला रामधन तिथल्याच एका इमारतीत वॉचमन होता. लग्न करून तो तिला घेऊन गावी आला. शकुबाई रामधनची चुलत काकू, आळीतली सगळ्यात मोठी बाई. मी बसंती, पवित्राची भिंतीला भिंत लागून शेजारीण. मी स्वतः मुकुटबनहून इथे सून म्हणून आले. शकुबाई वणीकडची. या आळीतली एकही बाई इथे जन्मलेली नाही, पण बाहेरची म्हटली की बोट फक्त पवित्राकडे.

सुरुवातीला ती किती खूश होती! दारात आलेल्या माणसाला नाव विचारायच्या आधी पाणी देतात, याचं तिला केवढं कौतुक. पहिल्या दिवशी बायकांनी तिची ओटी भरली तेव्हा ती घळाघळा रडली. "दीदी, हमको तो कोई जानता भी नहीं," असं मला म्हणाली. कुठल्याही घरून उठताना कपाळाला कुंकू लागतं हेही तिला फार आवडलं. शेजारणी येता-जाता "काय भाजी केली वं?" विचारायच्या. तिला वाटायचं, या भाजीच मागताहेत. ती लगेच वाटी भरून पाठवायची. बायका वाटी परत करताना तिच्यात काहीतरी घालून द्यायच्या आणि पाठ फिरली की हसायच्या. तिला ते दिसलं नाही. मला दिसत होतं, आणि तेव्हापासूनच माझं डोकं तापायला लागलं होतं.

मग कापूस वेचणीच्या दिवसांत ते घडलं. शकुबाईच्या वावरात आम्ही सगळ्या वेचायला होतो. दुपारी बायका बाभळीखाली शिदोऱ्या सोडून बसल्या. पवित्राची ओळ लांबली होती, ती मागून आली. शकुबाई घास मोडता मोडता म्हणाली, "ये वं, जेवाले." आमच्यात जेवणारा माणूस असं म्हणतोच आणि समोरच्याने "होऊ द्या" म्हणून पुढे जायचं असतं. लहान पोरालाही हे कळतं. पण पवित्राच्या डोंगरात 'ये' म्हटलं की माणूस येतो आणि बसतो. ती शकुबाईला खेटून बसली. शकुबाईने ज्वारीची अर्धी भाकर आणि वर मिरचीचा ठेचा तिच्या हातावर ठेवला. ती हसत जेवली. तिची स्वतःची शिदोरी झाडाला टांगलेली होती, संध्याकाळी ती तिने आम्हाला आग्रह करून वाटली.

दुसरा दिवस उजाडेपर्यंत गावभर झालं, रामधनची बायको न बोलावता जेवाले बसते. सांगणारी कोण? शकुबाई. स्वतःच्या हाताने भाकर देणारी शकुबाई. बुधवारच्या बाजारात, पिठाच्या गिरणीवर, हळदी-कुंकवाला, जिथे पवित्रा दिसेल तिथे कुणीतरी "ये वं, जेवाले" म्हणायचं आणि खसखस पिकायची. तिला अर्थ कळायला बरेच दिवस लागले. कळला तेव्हा ती माझ्या ओट्यावर येऊन एवढंच म्हणाली, "ताई, नाही द्यायचं तर म्हनता कायले?" उगाच तोंडदेखलं बोलावणारी माणसं स्वतःला पाहुणचाराची समजतात, याची मला चीड येते.

पण पवित्राने तेही गिळलं. ती वऱ्हाडी शिकली, "होऊ द्या" म्हणायला शिकली, कुणी चहा विचारला की "आत्ताच झाला" म्हणायला शिकली. लोक हसले की आपणही हसायला शिकली. तिची मुलगी खुशी मोठी होत होती. पोरीला हे गाव आपलं वाटावं एवढीच तिची इच्छा होती. निकिताच्या लग्नाचं चूलबंद आवतन आलं तेव्हा तिने खुशीला राणी रंगाचा घागरा शिवून घेतला. मला दाखवायला आणला होता.

हळदीच्या संध्याकाळी पोरांची पंगत बसली. खुशी मैत्रिणींच्या ओळीत होती. निकिताचा भाऊ पियुष बुंदी वाढत आला, तिच्यासमोर थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "इले कायले आग्रह करता? इची माय तं रस्त्यानं जाता जाता बसते जेवाले!" मांडव हसला. खुर्चीत बसलेली शकुबाई हसली. खुशीच्या पानावर वरण-भात कालवलेला होता. तिने हात तसाच पानात ठेवला, मग उठली. मी पियुषच्या हातातली बुंदीची बादली हिसकावून खाली आदळली आणि त्याला नको ते बोलले. लग्नघर होतं म्हणून मी गप्प बसावं, असं दोघीतिघींनी मला सुचवलं. मी त्यांनाही बोलले. मग पोरीला घेऊन घरी आले आणि पवित्राला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चूल पेटवली.

शकुबाई जरीचं लुगडं नेसून, अंगावर सगळा दागिना घालून तणतणत आली. मी भिंतीपलीकडून धावतच गेले.

"काहून पेटवली वं चूल? तुले चूलबंद सांगतलं नाही का?"

"सांगतलं," पवित्रा म्हणाली. भाताचं भगुनं ठेवून ती फुंकणीने जाळ फुंकत होती.

"मंग माह्या घरच्या कार्यात तुह्या घरून धूर काहून? लोकं काय म्हनतीन?"

"लोकं मले आल्यापासून म्हनून राह्यले, काकू. आज तुमाले म्हनतीन."

"तोंड सांभाळून बोल!"

पवित्रा उभी राहिली. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "वावरात मले 'ये' कोनं म्हटलं? तुमीच ना? भाकर कोनं देल्ली? तुमच्याच हातानं देल्ली ना? मंग गावभर मले भुक्कड कोनं केलं?"

"मस्करी होती थे, बाप्पा. गावात मस्करी होतच राह्यते."

"माह्यी केली, म्या हासलो. माह्या पोट्टीची काहून? थे कोनाच्या घरी घास घेत नाही, काकू. मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक हातात धरून घरी आनते अन् इथं बसून खाते. काल पयल्यांदा तुमच्या मांडवात पानावर बसली होती. तुमी हासल्या."

शकुबाईने तेव्हा कुठे खुशीकडे पाहिलं. पोरगी उंबऱ्यावर घागरा घालून बसली होती. तो तिने रात्रीपासून काढलाच नव्हता. म्हातारीचा चेहरा उतरला. ती खाली वाकली, खुशीचा हात धरला आणि खरोखर मनापासून म्हणाली, "चाल वं माय. पियुषच्या मी कानाखाली देतो. तुले माह्याजवळ बसवतो, माह्या हातानं वाढतो. चाल."

पवित्राने फुंकणी खाली ठेवली. पोरीने नुसतं उठावं, एवढ्यावर ती सगळं विसरायला तयार होती. मला तिच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. तिने चुलीतल्या पऱ्हाट्या मागे ओढल्यासुद्धा.

खुशीने हात सोडवून घेतला. रागाने हिसडला असता तर बरं झालं असतं. तिने तो हळूच सोडवला, पदर नसताना पदर सावरल्यासारखी ओढणी नीट केली आणि गोड हसून म्हणाली, "नाही आजी, होऊ द्या. माह्यं पोट भरलं."

काल दुपारपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. वेशीपाशी बँड वाजायला लागला, कुणीतरी शकुबाईला हाका मारायला लागलं, ती गेली. पवित्रा लेकीकडे बघत राहिली. जे खोटं शिकायला आईला वर्षं लागली, ते पोरीला सहज जमलं होतं, एकही शब्द न अडखळता. आता तिला बाहेरची म्हणायची कुणाची छाती नव्हती, ती पक्की आमच्या गावची झाली होती.