आप्पा कालव्याच्या दारावर बसले

आमचे आमदार आप्पा गर्दीला घाबरायचे. भाषणाला उभे राहिले की हातातला कागद थरथरायचा. मग तो सरळ खिशात जायचा. "नांगर दिसभर धरीन, ह्यो कागुद दोन मिनिटं धरवत न्हाय," असं माइकवरच सांगायचे. लोक हसायचे आणि मतं द्यायचे. करमाळ्याकडच्या उसातून हा माणूस दोनदा विधानसभेत गेला.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. पाणी आधी शेवटच्या गावाला, मग एकेक गाव वर, असा नियम. आप्पांचं गाव सर्वांत वर. त्या उन्हाळ्यात शेवटच्या गावाचं प्यायचं तळं आटलं होतं, वर ऊस वाळत होता आणि निवडणूक तोंडावर होती.

एका दुपारी आप्पांच्याच गावची शंभरेक माणसं पहारी घेऊन कालव्यावर आली. त्यांच्या गावाकडं पाणी सोडायचं दार उघडायचं हँडल माझ्याजवळ. पोलीस यायला तास लागणार होता.

तेवढ्यात आप्पा एकटेच चालत आले. मला वाटलं, हँडल मागणार. ते दाराच्या कट्ट्यावर बसले.

"बाई, माझे पाय कापायलेत. तुमचे?"

"माझेही."

"मग बसा की. बसल्यावर दिसत न्हाईत."

गर्दीच्या पुढे त्यांचे थोरले भाऊ होते. "आप्पा, तितं खाली तुला मतं किती? चार घरं आन् शंभर म्हशी!"

"म्हशींना बी तहान लागती की, दादा."

दगड आला. आप्पांची भुवई फुटली. मी म्हटलं, "उठा, जाऊ या." ते कुजबुजले, "उठलो तर पळंन मी. बसू द्या."

पोलिसांची गाडी येईपर्यंत त्यांना ओलांडून कुणी दाराला पहार लावली नाही. पोलिसांनी विचारलं, दगड कुणी मारला? आप्पा म्हणाले, "घसरून पडलो." मारणारा मी पाहिला होता. तरी मीही तोच जबाब लिहून दिला. दुसऱ्या दिवशी त्याच दारावर मला एकटीला जायचं होतं.

तळं भरलं. निवडणुकीत आप्पा पडले, त्यांच्याच गावानं पाडलं. पुढे पक्षानं विधान परिषदेवर घेतलं. "तिथेही पाय कापतात का?" मी एकदा विचारलं. "न्हाय. तितं कोण पहार आणतंय? झोप लई येती."

गेल्या वर्षी आप्पा वारले. स्मशानात पुढाऱ्यांची भाषणं संपली, आणि कुणी बोलावलं नसताना दादा उभे राहिले. "त्याच्या भुवईवरचा वण माझ्या दगडाचा हाय," एवढंच बोलले. शंभर डोळे दादांवर होते.

मग मी उभी राहिले, आणि माझा जबाब खोटा होता हे सांगितलं.